माझ्या अंगावरच्या नऊ टाचण्या

मी एक जुना नकाशा आहे. एका वॉर्डाचा. सध्या एका पक्षाच्या कार्यालयात, कपाटामागे गुंडाळी करून मला कोंबलं आहे. मित्रांनो, या वयात चिडू नये म्हणतात, पण मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला एका आरेखकाने हाताने काढलं. मोजायची फीत घेऊन तो दोन महिने गल्लीबोळ पालथे घालत होता. मग जाड कागदावर काळ्या शाईने त्याने घर न घर काढलं आणि फाटू नये म्हणून मागे कापड चिकटवलं. मला कार्यालयाच्या भिंतीवर लावलं, तेव्हा लोक कौतुकाने आपापलं घर शोधायचे.

माझे खरे दिवस आले ते नर्समावशींमुळे. दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या पक्षाचं काम करू लागल्या. कुठे नळ फुटला, कुठे दिवा गेला, की त्या माझ्यावर तिथे लाल टाचणी टोचायच्या. मग पालिकेत खेटे घालायच्या आणि काम झालं की टाचणी काढायच्या. पंधरा वर्षांत माझ्या अंगाची चाळण झाली, पण एकेक भोक म्हणजे कुणाची तरी मिटलेली अडचण! मला त्याचा भारी तोरा होता.

यंदा निवडणूक लागली. उमेदवारी मावशींनाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. मावशीसुद्धा. बैठकीच्या दिवशी अध्यक्षांनी मला टेबलावर पसरलं, टाचण्या उपटल्या आणि आडनावं बघून घरं रंगवायला घेतली. या समाजाची पिवळी, त्या समाजाची जांभळी, उरलीसुरली कोरी.

"मावशी, तुमच्या लोकांची घरं किती?" त्यांनी विचारलं.

"माझं एकच. तेही भाड्याचं."

"चेष्टा नको. काम तुमचं एक नंबर आहे हो, पण मतं आडनावाला पडतात."

ज्या समाजांना आजवर कुणी विचारलंच नाही, त्यांच्यातलं कुणी पुढे यावं, हे मलाही पटतं. तसं असतं तर मी गप्प बसलो असतो. इथे मात्र पिवळी, म्हणजे अध्यक्षांच्याच समाजाची, घरं जास्त भरली आणि तिकीट गेलं अध्यक्षांच्या भाच्याला. भाचा माझ्यावर ओणवा झाला आणि म्हणाला, "मामा, यात आपलं कार्यालय कुठंय?" सगळे हसले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मावशी भांडल्या नाहीत. "मला नको तर नको," त्या म्हणाल्या, "पण माझ्या नऊ टाचण्या कुठे टाकल्या?"

"केरात."

"अहो, त्यातली एक शाळेमागच्या उघड्या गटाराची होती!"

अध्यक्षांनी माझी गुंडाळी केली आणि मला कपाटामागे कोंबलं.

भाचा निवडून आला. गटार उघडंच राहिलं. महिन्याभराने अध्यक्षांच्याच समाजातले एक आजोबा त्यात पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांनीही भाच्यालाच मत दिलं होतं. त्यांना दवाखान्यात कुणी नेलं? नर्समावशींनी. हे मी कपाटामागून ऐकलं आणि मला रडू आलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मत द्याल. मला पुन्हा भिंतीवर लावा, नाही तर रद्दीत घाला, माझं काही म्हणणं नाही. पण कुणी मत मागायला आलं, की त्याला गल्लीच्या तोंडाशी उभं करा आणि विचारा, "इथे काय बिघडलंय, सांगा बघू." आणि त्याने आधी तुमचं आडनाव विचारलं, तर सरळ घरात जा आणि दार लावून घ्या.