बळीरामच्या गुडघ्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी गुडघापट्टी आहे. रंग विटला, रबर सैल पडलं, पण एका बाजूचा फुगवटा अजून तसाच आहे. तो बळीरामच्या उजव्या गुडघ्यानं दिलेला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते सदर भागातल्या एका दुकानातलं काचेचं कपाट. १९६९ साली प्रेमिलानं मला तिथून आपल्या भावासाठी आणलं. दुकानदारानं विचारलं, "दुखणं जुनं आहे का, बाई?"

"नाही जी. उगाच आपली जपणूक."

त्या घरात खोटंसुद्धा मायेनं बोलत.

बळीराम कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा फॉरवर्ड. म्हणजे बोर्डाखाली गर्दीत घुसायचं, उंच उडायचं, चेंडू रिंगमध्ये टाकायचा आणि खाली यायचं. टाळ्या वर जाण्याला मिळत; खाली येण्याचा भार मी सोसत असे. लोक म्हणत, "पोट्टा उडते का पोहते गा हवेत!" मी मनात म्हणे, उतरताना पाहा, राजेहो. डावा आधी टेकतो, उजवा चोरासारखा मागून.

मग बातमी आली, की एका सरकारी खात्याच्या संघासाठी खेळाडू निवडायला पुण्याहून मधुकरराव येणार. निवड झाली की कायमची नोकरी. बळीरामच्या बापाची पाठ शहराबाहेर वाडीच्या गोदामात पोती उचलून कामातून गेलेली. सगळ्या घराची आशा एका गुडघ्यावर उभी, आणि तो गुडघा कसा आहे हे मला ठाऊक.

निवडीच्या सकाळी कॉलेजच्या संघाला शिकवणाऱ्या बोरकुटे सरांनी बळीरामला बाजूला घेतलं. सर वाईट नव्हते. पण "आपला पोट्टा खात्यात लागला" हे त्यांनी चार जणांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"पट्टी काढ."

"काहून, सर?"

"बैलबाजारात लंगडा पाय कोणी दाखवते का गा?"

"पण हे नसली का मले भरोसाच नाही वाटत."

"घंटाभराचा तर खेळ आहे. मग जन्मभर बांध!"

बळीरामनं मला काढलं, घडी केली आणि पिशवीत ठेवलं. गुडघ्याचा उबारा माझ्यातून हळूहळू निघून गेला.

मधुकररावांनी त्याला खरंच बैलासारखं पारखलं. तळहात उलटून पाहिले, खांदे दाबले, चालवून पाहिलं. मग खेळ सुरू झाला. कोणीतरी पिशवी भिंतीकडे सरकवली; आतून मला काही दिसेना, पण त्याची उडी मी आवाजावरून ओळखत होते. धाव, शांतता, मग बूट. आधी डावा, मग उजवा. दरवेळी उजवा आणखी उशिरा.

"वा! हात लांब, नजर पक्की," मधुकरराव म्हणाले. "अजून एक, या बाजूनं."

धाव. शांतता. दोन्ही बूट एकदम. आणि कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज.

"आई वं!"

कोणी पाणी शोधू लागलं, कोणी रुमाल. पिशवीत शिरलेला हात मधुकररावांचा होता. त्यांनी मला उचललं, फुगवट्यावरून अंगठा फिरवला.

"ही याची?"

"हो जी," सर पुटपुटले.

"मग बांधली का नाही? माझ्या संघात निम्मे जण पट्टी बांधूनच खेळतात. याला मी मघाशीच निवडलं होतं. आधी गुडघा नीट करून घेतला असता."

सर खाली बसले आणि बळीरामच्या बुटाची नाडी सोडू लागले.

आता बळीराम वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसून काम करतो आणि सायकल एकाच पायाच्या जोरावर हाकतो. मी प्रेमिलाच्या स्वयंपाकघरात खुंटीला असते. ती मला हातात घेऊन गरम पातेली उतरवते. त्याचं मला वाईट वाटत नाही. धरणं हेच माझं काम.

प्रेमिलाची मुलगी शामला शाळेच्या संघात खेळते. तीही फॉरवर्ड. मामा येता-जाता विचारतो, "गुडघा दुखते का वं?"

"नाही, मामा."

काल घरात कोणी नव्हतं. शामलानं मला खुंटीवरून काढलं, उजव्या गुडघ्यावर चढवलं आणि डोळे मिटून घेतले. तिचा गुडघा गरम होता. एवढ्यात मामाची सायकल वाजली, तशी तिनं मला घाईनं परत टांगलं.

मित्रांनो, उद्या तिची निवड आहे. दुखतं त्याला दुखतं म्हणायला लाजू नका, आणि कुणाचं दुखताना दिसलं तर गप्प राहू नका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.