अबू घदीरच्या ओसरीतली कॉफी

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता ऐन बल्लूत गावात मुदर या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या तरुणाला त्याच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. मारणाऱ्यांनी आधी विचारलं, "अलवी की सुन्नी?" तो काही बोलायच्या आत त्याची आई वफीका आतून ओरडली, "आम्ही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही!" प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण विचारणाऱ्याला तेवढं पुरलं. गोळी झाडताना त्याच्या साथीदाराने मोबाइल धरला होता. काम झाल्यावर त्याने तो साथीदाराकडून घेतला, स्वतःच्या तोंडाकडे वळवला आणि हसला.

त्या हसण्यामुळेच पुढे तो सापडला.

मारणारे सरकारच्या बाजूचे होते. अलवींची मानली जाणारी जुनी राजवट पडून तीन महिने झाले होते. तिच्या उरल्यासुरल्या बंदूकवाल्यांनी किनाऱ्यावरच्या चौक्यांवर हल्ले केले, आणि त्यांना हुडकायला आलेल्या तुकड्यांनी अलवी पंथाची गावं झाडून काढली. ऐन बल्लूतमध्ये बंदूकवाला एकही सापडला नाही. प्रेतं मात्र पोत्यांवर घालून दर्ग्याच्या मागे न्यावी लागली, कारण तिरड्या पुरल्या नाहीत.

व्हिडिओ त्या माणसाने मित्रांना पाठवला, मित्रांनी जगाला. बाहेरच्या देशांनी डोळे वटारले. सरकारने चौकशी नेमली आणि मोजक्या माणसांना अलेप्पोच्या न्यायालयात पिंजऱ्यात उभं केलं. त्यांच्यात हमा शहराच्या पूर्वेकडचा फवाझ होता. त्याचं म्हणणं, चेहरा माझा नाही, कुणीतरी संगणकावर चिकटवलाय.

मुदरच्या मागे दोनच वारस होते, आई आणि आजोबा अबू घदीर, म्हणजे घदीरचा बाप. घदीर, मुदरचा बाप, युद्धात जुन्या सैन्याकडून लढताना गेला होता. फिर्याद या दोघांची. वारसांनी हक्क सोडला तरी खटला संपत नाही, पण शिक्षा बरीच उतरते. हे वफीकाला वकिलाने सांगितलं होतं, आणि फवाझच्या माणसांना कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात ते आले. तीन गाड्या भरून माणसं. पुढे फवाझचा चुलता शेख नवाफ, आणि त्याच्या शेजारी त्या भागाचा आणि गावच्या रस्त्यावरच्या चौकीचा सरकारी अधिकारी, ज्याला सगळे अबू बराअ म्हणत.

निरोप आदल्या दिवशीच आला होता. तेव्हाच वफीकाने सासऱ्यांना बजावलं होतं, "अम्मो, घरात कॉफी होणार नाही." म्हाताऱ्याने मान हलवली होती. मागणं घेऊन आलेला पाहुणा समोरच्या कॉफीला हात लावत नाही. यजमान 'प्या' म्हणाला की मागणं मान्य झालं. मुलगी मागायला आलेला असो की रक्ताची माफी मागायला, रीत एकच. म्हणून तिने नळीने चहासारखी प्यायची मत्ते मांडली. वाळकी पाती, धातूच्या नळ्या, गरम पाण्याची किटली. मत्ते दिवसभर प्यायली तरी कुणी कुणाला बांधलं जात नाही.

शेख नवाफने नळी उचलून पाहिली. "हे गवत आमच्याकडे मेंढ्या खातात, बहिणी."

"मेंढी कापण्याआधी तुम्ही तिला पाणी तरी पाजता, शेखसाहेब. माझ्या मुलाला तेवढंही मिळालं नाही."

कुणी हसलं नाही. अबू बराअने तिला मुदरची आई म्हणून हाक मारली, "उम्म मुदर, जीभ आवरा. आम्ही भलं करायला आलोय."

"तेव्हाही भलंच करायला आला होतात."

शेखने मागे वळून बोट हलवलं. गाडीतून थर्मास आला आणि बिनकानाचे छोटे पेले आले. कडू, वेलदोड्याची कॉफी ओतली गेली. पहिला पेला म्हाताऱ्यासमोर, मग बाकीच्यांसमोर. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले.

"अबू घदीर," शेख म्हणाला, "आमचं मागणं तुला माहीत आहे. पोरगं युद्धात वाढलं, त्याला दुसरं काही दिसलंच नाही. डोकं फिरलं. तुझा नातू काही परत येत नाही. दोन घरं कशाला बुडवायची?"

"बाहेरून आणलेली कॉफी घरची होत नाही," वफीका म्हणाली.

"ओसरी कुणाची आहे?" शेखने तिच्याकडे न बघता विचारलं. "मग कॉफीही त्याचीच. बाई, माणसांना बोलू दे."

म्हातारा पेल्याकडे बघत होता. अबू बराअ त्याच्याकडे झुकला आणि कानात काहीतरी बोलला. वफीका किटलीपाशी होती. तिला शब्द ऐकू आले नाहीत.

"प्या," म्हातारा म्हणाला. "गार होतेय."

सगळे पेले एकदम उचलले गेले. एक जण मोबाइलवर चित्रण करत होता.

"अम्मो!" वफीका ओरडली. "अहो, यांना कळत नाहीये. यांचं वय झालंय, पाहुणा दिसला की..."

शेख नवाफने रिकामा पेला दोन बोटांत हलवून खाली ठेवला. "अल्ला तुझं घर भरलेलं ठेवो, अबू घदीर."

सप्टेंबरात वफीका अलेप्पोला गेली. न्यायालयात आधी मुदरचा व्हिडिओ दाखवण्यात आला. मग फवाझच्या वकिलाने, त्याच पडद्यावर, ओसरीतला दाखवला. फवाझ पिंजऱ्यातून दोन्ही बघत होता. त्याने आता दाढी काढली होती.

"हे घर तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो."

"कॉफी प्यायली गेली?"

वफीकाने वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता. "प्यायली गेली," ती म्हणाली. "पण मी हो म्हटलं नाही. सासऱ्यांची जीभ घसरली, साहेब. सवय आहे त्यांची. मारायला आलेल्यालाही ते आधी बसा म्हणतील."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी तिची फिर्याद कायम ठेवली. म्हाताऱ्याच्या फिर्यादीबद्दल मात्र सांगितलं, माझ्यासमोर येऊन त्यांनी स्वतः बोलावं. माफी दिली की नाही, आणि दिली असेल तर राजीखुशीने की कशी.

ती घरी आली तेव्हा अबू घदीर अंगणात तंबाखूची पानं सुईने दोऱ्यात ओवत बसला होता. तिने पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं.

"फक्त एवढंच म्हणायचं, अम्मो. जीभ घसरली. दोन शब्द."

"नाही घसरली."

तिला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. ती मोठ्याने पुन्हा म्हणाली.

"बहिरा नाही मी, पोरी. उभा जन्म या ओसरीत लोकांना कॉफी पाजली. 'प्या' कधी म्हणायचं ते मला कळत नाही?"

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "कानात काय म्हणाला तो?"

"म्हणाला, या घरात आता बाई एकटीच उरली, नाही का?"

"एवढंच?"

"एवढंच. गोड आवाजात. जणू तब्येत विचारतोय."

"मग तेच सांगा कोर्टात. नाव घेऊन."

"नाव घेतल्यावर परत याच रस्त्याने यायचंय. चौकी त्याची आहे."

"आणि मला विचारलंत?" वफीका म्हणाली. "माझ्या जिवाच्या बदल्यात मुदर देऊन टाकलात, मला विचारलंत?"

"मुदर गेला. तू आहेस."

"मी आहे म्हणूनच तर जाते तिकडे. नाहीतर कोण जाईल?"

म्हाताऱ्याने पान उचललं, देठात सुई घातली. ती बाहेर यायला वेळ लागला. "तुझ्या सासूला मी पुरलं," तो म्हणाला, "घदीरला पुरलं, मुदरला पुरलं. आता खड्डा खणायची ताकद नाही माझ्यात."

"ती चिंता गावाला करू द्या."

"गाव!" तो म्हणाला. "गावानेच परवा निरोप पाठवलाय. कॉफी प्यायल्यापासून चौकीवर पोरांना अडवत नाहीत, आता पुन्हा कशाला उकरून काढता, म्हणे."

वफीकाने पडलेली पानं गोळा करून त्याच्या हाताशी ठेवली आणि ती आत गेली.

पुढची तारीख ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. फवाझच्या वकिलाने जामीन मागितला आहे, त्यावर अजून निकाल नाही. चौकीवर अबू बराअच आहे. वफीकाने अलेप्पोच्या टॅक्सीत दोन जागा सांगून ठेवल्या आहेत. अबू घदीरने हो म्हटलेलं नाही, आणि नाहीही म्हटलेलं नाही.