कोपऱ्यापर्यंतचा व्यायाम

मित्रांनो, मी एक जुना डावा बूट आहे. खास चालण्यासाठी शिवलेला, मऊ तळव्याचा. कारखान्यातल्या बाईने माझ्या आत हात घालून एकही टाका पायाला टोचणार नाही ना, हे तपासलं होतं. एवढी काळजी कुणाच्या पायासाठी? तर आमच्या मास्तरांच्या!

मास्तर म्हणजे शिंपी. दिवसभर शिलाई मशीन आणि ओठांत सिगारेट. डाव्या पायाची करंगळी थंडगार, बधिर, निळसर पडू लागली, तेव्हा डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मास्तर, धुराने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. सिगारेट सोडली नाहीत, तर बोट कापावं लागेल. औषध देतेच, पण शरीरालाही साथ द्या. पाणी प्या, फळं खा, वेळेवर झोपा. तलफ आली की लांब श्वास घ्या, बडीशेप चघळा, झेपेल तेवढं चाला. थोड्या वेळात ओसरते ती."

त्याच दिवशी मास्तरांच्या ताईने आम्हा दोघा भावांना विकत आणलं. एक बोट वाचवायचं काम! मी अगदी फुगून गेलो होतो.

आणि या गृहस्थांनी काय केलं? पाणी प्यायले, संत्री खाल्ली, खिसा बडीशेपेने भरला आणि तलफ आली की मला पायात चढवून तरातरा निघाले. कुठे? कोपऱ्यावरच्या सिगारेटच्या दुकानात! रोज!

"अहो, बडीशेप खाता ना? मग तोंडाला हा वास कसला?" मास्तरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, विचारायच्या.

"बडीशेप जरा जास्त भाजली होती."

"आणि एवढा खोकला?"

"व्यायाम आहे तो. दम लागणारच."

ताई तर कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे बाळ्या, फळं खाऊन वर धूर ओढतोस? फरशी पुसायची आणि चिखलाच्या पायांनी तिच्यावर नाचायचं, असं चाललंय तुझं!"

एकदा शिवणातली टाचणी माझ्यात पडली. मास्तर तसेच कोपऱ्यापर्यंत गेले, धूर काढून परत आले. काकूंनी मोजा काढला तर रक्ताने भिजलेला. टाचणी करंगळीत रुतली होती आणि यांना पत्ताच नव्हता! मी आतून ओरडत होतो, पण बुटाचं कोण ऐकतं?

ती जखम भरलीच नाही. करंगळी कापावी लागली.

आता मास्तर सिगारेटला शिवत नाहीत. तलफ आली की चिडतात, कात्री आपटतात, घटाघटा पाणी पितात आणि काकूंबरोबर दुकानाकडे पाठ करून चालू लागतात. म्हणजे जमत होतं की हो! तेच पाणी, तीच बडीशेप, तोच मी. मग आधी काय धाड भरली होती?

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सिगारेट सोडत असेल, तर त्याला फळं द्या, पाणी द्या, बूटही द्या. पण तो चाललाय कुठे तेही बघा. कोपऱ्याकडे वळला तर लाजू नका, सरळ वाट अडवा. ओरडेल, ओरडू दे.

माझ्या टोकाशी रिकामी जागा राहते, म्हणून मास्तरांनी कापसाची इवलीशी उशी शिवून तिथे बसवली आहे. टाके सुरेख आहेत. पण एवढ्या हुशार शिंप्यालाही बोट काही शिवता आलं नाही.