सुंदरीच्या बोटातला कटेला

“हात पुढं कर. सगळ्यास्नी बघू दे,” असं म्हणत बायजानं सुनेचं मनगट धरलं आणि तिचा हात गुरवासमोर नेला.

सकाळी सकाळी गुंदच्या देवळात भावकी जमली होती. सुंदरीच्या बोटात चांदीची अंगठी होती आणि तिच्यात कटेला. शहरात ज्याला अ‍ॅमेथिस्ट म्हणतात तो हा खडा. आणला तेव्हा पिकल्या जांभळासारखा होता. आता तांदळाच्या धुवणासारखा पांढुरका झाला होता.

“बघा,” बायजा म्हणाली, “खोट असल्याबिगर खडा रंग टाकत न्हाई. हिच्या मनातच कायतरी हाय, म्हणून माझ्या वासूची दारू सुटंना. देवाला कौल लावा. डावी पाकळी पडली तर जाऊ दे हिला म्हायेरला.”

ऐकलंत? दारू पिणार वासू आणि खोट त्याच्या बायकोत! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी रामनगरच्या बाजारात एका ज्योतिषानं हा खडा बायजाच्या गळ्यात मारला. नीलम परवडत नाही त्यानं कटेला घालावा, शनी शांत होतो. शिवाय या खड्यापुढं दारूचं काही चालत नाही, असं तो म्हणाला. वासूनं अंगठी एक दिवस घातली आणि भिरकावून दिली. “बाईमाणसागत अंगठी घालून हिंडू व्हय?” मग ज्योतिषानं तोड काढली: बायको अर्धांगिनी, तिनं घातली तरी चालते. चालते म्हणे! उद्या वासूला ताप आला तर काढाही सुंदरीलाच पाजतील.

सुंदरीनं मुकाट्यानं घातली. आशा तिलाही होतीच की. वनखात्याच्या रोपवाटिकेत ती दिवसभर रोपांना पाणी घालायची, तण उपटायची. दोन उन्हाळे तो हात उन्हात भाजून निघाला. या खड्याला सततचं ऊन सोसत नाही, हळूहळू रंग उडतो. विकणाऱ्यानं हे सांगायला नको? ते राहिलं बाजूला. बायजा विचारायला गेली तर म्हणाला, घालणारीचं आचरण बघा. मेल्याच्या जिभेला हाड म्हणून नाही!

महाबळेश्वर गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायला घेतल्या. उजवी पडली तर सून निर्दोष, डावी पडली तर दोषी.

“थांबा वो गुरव,” सुंदरी म्हणाली.

“गप गं!” बायजा ओरडली.

“न्हाई आत्ती. लई गप बसले. ह्यांनी प्यायची अन् कौल माझ्या नावानं? खडा ज्येच्यासाठी आणला त्येच्या बोटात घालते, मग लावा काय तो कौल. देवासमोर तरी ज्येचं त्येच्याकडं जाऊ दे.”

“बरोबर बोलती पोरगी,” भावकीतला म्हातारा तुकाराम म्हणाला.

वासू खांबाला टेकून बसला होता. देवळात यायचं म्हणून त्याला सकाळपासून प्यायला मिळालं नव्हतं. “घाल की. मी काय भितो?” असं म्हणत त्यानं हात पुढं केला.

हात थरथरत होता. सुंदरीनं अंगठी काढून त्याच्या बोटाजवळ नेली, पण बोट जागेवर राहीना. अंगठी नखावर आपटून परत आली. मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बायजानं पोराच्या हाताकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. गुरवाच्या हातातल्या पाकळ्या हातातच राहिल्या.

सुंदरीला अजून कितीतरी सुनवायचं होतं. संतापानं तिचं अंग पेटलं होतं. पण त्या हाताकडं बघून तिला रडू आलं. मंगळसूत्र बांधताना हा हात असा हलत नव्हता.

“आता कौल लावायचा का?” गुरवानं हळूच विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

“हलवू नगासा,” सुंदरी नवऱ्याला म्हणाली. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं आणि अंगठी बोटात सरकवली. मनगट सोडल्याबरोबर हात पुन्हा थरथरायला लागला, तसं तिनं ते पुन्हा धरलं.