बसायचं काम

हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरीची घडी घालायला दोघी लागतात, आणि त्यातली एक चुकार निघाली की दुसरीच्या खांद्यांची वाट लागते. अक्का आणि तिची जोडीदारीण बारा वर्षं एका टेबलावर होत्या. कधी एक वाकडा शब्द गेला नाही. मग अक्काला आमवाताने धरलं. मनगटं सुजली, बोटं वळेनात, सकाळी कपाचा कान धरायचा म्हणजे दिव्य. मुकादमाने बरीच कुरकुर करून तिला बसायचं काम दिलं, टॉवेलांतले फाटके वेगळे काढायचं. "हात बरे होईपर्यंतच हं," तो म्हणाला होता.

आता हे दुखणं किती बेरकी बघा. हात राबवले की सुजतात, आणि नुसते ठेवले की आखडून बसतात. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "रोज करायचा, हळूहळू. जड मात्र काही उचलायचं नाही." सकाळी तर अंगाचं लाकूड झालेलं, आणि संध्याकाळी घरकामातून सवड नाही. म्हणून अक्का जेवणाच्या सुट्टीत कोठीच्या खोलीत शिरायची, दार लोटायची आणि भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची. कोणी बघू नये एवढीच धास्ती. हात वर जातो म्हटल्यावर बसायचं काम कोण ठेवणार? आणि चादरींवर परत गेली तर मनगटं कामातून जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी जोडीदारीण साबण न्यायला आत आली. अक्काचा हात डोक्याच्याही वर होता.

"अगं बाई! अक्के, हात गेला की गं वर!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कुणाला बोलू नकोस," अक्का म्हणाली. पण ऐकायला ती थांबली तर ना! तिने धुलाईखानाभर डांगोरा पिटला. मुकादमालाही सांगून आली, "माझी जोडीदारीण बरी झाली!" बिचारी खरंच हरखली होती. आठ महिने नवख्या बाईबरोबर घड्या घालून तिचा जीव मेटाकुटीला आला होता, हेही खरं.

मुकादमाने अक्काला बोलावलं. "व्यायाम जमतो, मग चादर का जमत नाही?" अक्काने दवाखान्याचा कागद पुढे केला. त्या गृहस्थाने तो हातातही घेतला नाही. "सोमवारपासून टेबलावर या. नाहीतर घरी आराम करा."

अक्काला राग यायला हवा होता. आला नाही. रडूही आलं नाही. दाढ काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल होतो, तसं आत सगळं बधिर झालं होतं.

सोमवारी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. दमट चादर ताणताना अक्काच्या मनगटातून कळ गेली, पण तिने चादरीचं टोक सोडलं नाही. जोडीदारीण खुशीत बडबडत होती.

बुधवारी दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "व्यायाम का सुटला? दुखतं? कंटाळा येतो? की वेळ नाही?"

"वेळ नाही," अक्का म्हणाली. बाईंनी तसं लिहून घेतलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अक्काला डब्याचं झाकण निघेना. जोडीदारणीने तो ओढून घेतला आणि उघडून दिला.

"भिंतीपाशी जात नाहीस का गं हल्ली?"

"कशाला?" अक्का म्हणाली. "बरी झाले ना मी."

जोडीदारीण झाकण हातात धरून तशीच बसली.