रिकामी डिस्क

नानांच्या कॉम्प्युटरवर, जगात मूठभर लोक वापरत असतील अशी, युनिक्सच्या वळणाची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिचे नखरे फार. दहा हार्ड डिस्क दाखवाव्यात तेव्हा कुठे एक तिला पसंत पडायची. वर्षापूर्वी पोरींची आई गेली, तेव्हापासून नाना त्या कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देत नसत. परवा त्यानंच मान टाकली. थोरल्या लेकीचं सगळं एक घाव दोन तुकडे. तिनं डिस्क काढली आणि थेट ऑफिसात नेली.

तिथल्या कॉम्प्युटरला ती जोडताच पडद्यावर प्रश्न आला, ‘डिस्क रिकामी आहे. वापरासाठी तयार करू?’ तिनं ‘हो’ दाबलं.

संध्याकाळी घरी येताच ती नानांवर घसरली. “वर्षभर त्या डब्याला जिवापाड जपलंत, आणि आत काय? शून्य! पुसून कोरी करून आणलीय.”

नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “नसेल काही,” ते म्हणाले. “माझाच घोळ झाला असेल.”

डिस्क परत बसवायला तिनं आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरचं खोकं उघडलं. डिस्क काढताना घाईत तिनं झाकण न बघताच बाजूला टाकलं होतं; त्याच्या आतल्या बाजूला नानांच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती.

‘पोरींनो, यात आईचा आवाज आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला ही डिस्क वाचता येत नाही, तो रिकामी आहे म्हणेल. ‘नाही’ दाबा.’

“जेवून आलीस का गं?” बाहेरून नानांनी विचारलं. “का पान वाढू?”