कप्तानाचं चाक

“एर्मेस, हे चाक पंक्चर नाहीच!” मी ओरडलो. कप्तानाने टाकून दिलेल्या चाकाचा टायर दाबून पाहिला, टणक होता.

एर्मेस झान्फोर्लिन रस्त्याकडेला एका चाकाची सायकल धरून उभा होता. त्याचं पुढचं चाक आमचा कप्तान लोरिस काढून घेऊन गेला होता. कप्तानाच्या चाकातली हवा गेली की साध्या गड्याने आपलं काढून द्यायचं आणि मागच्या मोटारीतून मेकॅनिक, म्हणजे मी, येईपर्यंत थांबायचं. हा धंद्याचा नियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण एर्मेसचं गाव पोलेसेल्ला तीन किलोमीटरवर होतं हो!

ज्याचं गाव येतं त्याला सायकलस्वारांचा सगळा घोळका पुढे सोडतो. त्याने घरच्यांना भेटायचं आणि परत घोळक्यात यायचं. अकरा वर्षं दुसऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या एर्मेसच्या गावावरून जिरोसारखी इटलीभर फिरणारी मोठी शर्यत पहिल्यांदाच जात होती. त्याच्यासाठी शेवटचीही. टीमला पैसे पुरवणारा आमचा फ्रिजवाला मालक दोनच हंगामांत कंटाळला होता, ही शर्यत संपली की टीम बंद. तेहतीस वर्षांच्या पाणक्याला दुसरं कोण घेणार? सकाळी त्याने रीतसर विचारलं होतं, “कप्तान, गावात जरा पुढे जाऊ?”

“जा की,” म्हणाला होता तो हलकट.

“दुसऱ्याला टाळ्या मिळालेल्या बघवत नाहीत मेल्याला! टाळकंच फोडतो त्याचं,” मी ते चाक हातात धरून फणफणलो.

“दुसरं चाक बसव, नेव्हिओ. तोंड नंतर चालव.”

गावात पोहोचलो तेव्हा घोळका केव्हाच गेला होता. लोक झेंडे गुंडाळत होते. चौकात त्याची म्हातारी रविवारचे कपडे घालून एकटीच उभी होती. एर्मेसने सायकलवरून उतरून तिचे दोन्ही गाल चुंबले.

“सगळे गेले की रे! मला वाटलं, पडलास.”

“पंक्चर झालं, आई.”

‘कप्तान मला भावासारखं वागवतो,’ असं एर्मेस तिला दर पत्रात लिहायचा. मला ठाऊक होतं, पत्रं माझ्यासमोरच लिहायचा.

म्हातारी मोटारीच्या खिडकीशी आली. “मेकॅनिक तूच ना? पोराचा एकच दिवस होता, आणि तुला धड टायर चिकटवता येत नाही? लाज वाटत नाही मेल्या?”

माझं डोकं सणकलं. ते टणक चाक माझ्या मांडीवरच होतं. एर्मेसने तिच्यामागून माझ्याकडे पाहिलं.

“चुकलं, मावशी,” मी म्हणालो.